वढूच्या वाटेवरची पुस्तके

वढू बुद्रुकला समाधीसमोर उभा असलेला माणूस कोणत्या पिढीतला, हे त्याच्या मनातल्या शंभूराजांवरून ओळखता येते. सत्तरी ओलांडलेल्यांना काशिनाथ घाणेकर दिसतात. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला तो धुमसणारा, बापापुढे तोंड उघडायला धजणारा मुलगा. पन्नाशी-साठीतल्यांच्या मनात शिवाजी सावंतांचा ‘छावा’ असतो, बहुधा वाचनालयाच्या पुठ्ठाबांधणीतला, पहिली चार पाने गळालेला. चाळिशीच्या आतबाहेरच्यांनी विश्वास पाटलांची ‘संभाजी’ रात्री जागून संपवलेली असते. त्याहून लहानांना अमोल कोल्हे दिसतात, आणि २०२५च्या फेब्रुवारीपासून शाळकरी पोरांना विकी कौशल. फाल्गुन अमावास्येला हे सगळे एकाच रांगेत असतात आणि रांग पुढे सरकेपर्यंत बोलत राहतात. अमुक प्रसंग सिनेमात नव्हता, तमुक पुस्तकात आहे, ते पुस्तकच खोटे आहे, तुम्ही बेंद्रे वाचलेत का?

या शेवटच्या प्रश्नाने वाद मिटत नाही, वाढतो. हे पुस्तक त्या वाढलेल्या वादातून आले आहे. भीमेच्या दोन्ही काठांवरच्या काही वाचकांनी संभाजी महाराजांवरच्या जुन्या कादंबऱ्या आणि नाटके पुन्हा एकदा, सावकाश, शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि वाचताना काय वाटले ते लिहिले. यांतले कोणी इतिहासाचे प्राध्यापक नाहीत. कोणी शिक्षक आहे, कोणी उसाचा शेतकरी, कोणी रांजणगावच्या कारखान्यात पाळीवर जाणारा. पुनर्वाचनाची त्यांची रीत मला इतकी आवडली, की प्रस्तावना लिहायला मी चटकन हो म्हटले.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. जगभर काल्पनिक दुनियांच्या कादंबऱ्यांचे चाहते जे करतात, तेच आपल्याकडे ऐतिहासिक कादंबऱ्यांचे वाचक करत आले आहेत. १९७९ साली अमेरिकेत रॉबर्ट ॲस्प्रिन यांनी ‘थीव्ह्ज वर्ल्ड’ नावाचा कथासंग्रह संपादित केला. सँक्चुअरी नावाचे एक शहर ठरवून दिले आणि निरनिराळ्या लेखकांनी आपापल्या गोष्टी त्या शहरात घडवल्या. एकाचे पात्र दुसऱ्याच्या गोष्टीत येऊन जाई. दुसऱ्याचे पात्र त्याला न विचारता मारायचे नाही, असा संकेतही होता. पुढे अशा दुनियांचे पेव फुटले. त्यांचे वाचक वीस-तीस वर्षांनी जुने खंड बाहेर काढतात, कोणत्या लेखकाने कोणत्या पात्राचे काय केले याचा हिशेब मांडतात, कोणता भाग ‘खरा’ मानायचा यावर तासन्‌तास भांडतात.

‘छावा’ त्याच १९७९ सालचा. योगायोगच, पण सोयीचा. मराठीतली ही दुनिया कोणी संपादकाने आखून दिली नाही. तिला नकाशा आहे तो खऱ्या गडांचा, आणि कोणी कोणाला विचारायचे हा संकेत इथे कधीच नव्हता. बखरकार, शाहीर, नाटककार, कादंबरीकार, सिनेमावाले, मालिकावाले असे सगळे दोनशे वर्षे त्याच माणसांवर लिहीत आले: येसूबाई, सोयराबाई, अण्णाजी दत्तो, कवी कलश, गणोजी शिर्के, दिलेरखान, औरंगजेब. फरक मोठा आहे तो एवढाच, की ही माणसे होऊन गेली. सँक्चुअरीतल्या चोराची बदनामी झाली म्हणून कोणाचे वंशज कोर्टात जाणार नाहीत. इथे जातात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. या लेखांतून एकच मुद्दा पुन्हा पुन्हा वर येतो, आणि तो मला पटतो: आपण जिला संभाजी महाराजांची गोष्ट म्हणतो, तिच्यातला कोणता दगड कोणी आणि कधी बसवला हे जुनी पुस्तके पुन्हा वाचल्यावरच दिसते. पहिल्या वाचनात आपण गोष्टीबरोबर वाहत जातो. दुसऱ्या वाचनात सांधे दिसू लागतात.

सगळ्यात खालचा थर मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीचा. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे घटना होऊन सव्वाशे वर्षे उलटल्यावर, साताऱ्याच्या गादीच्या छायेत लिहिली गेली. मल्हार रामराव हे बाळाजी आवजी चिटणीसांच्या घराण्यातले. १६८१मध्ये कटाच्या आरोपावरून अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद यांच्याबरोबर बाळाजींनाही संभाजी महाराजांनी देहदंड दिला होता. ज्या घराने हे सोसले त्याच घरातल्या माणसाने शतकानंतर लेखणी हाती घेतली. बखरीतला राजा तापट, व्यसनी, कलशाच्या नादी लागलेला असावा यात मग नवल ते काय? पण त्याच घराची दुसरीही एक बाजू आहे. बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ बाप गमावूनही महाराजांशी आणि पुढे राजारामांशी एकनिष्ठ राहिला. बापाला मारणाऱ्या राजाची चाकरी करणारा हा तरुण म्हणजे कादंबरीकाराला आयता मिळालेला नायक. या संग्रहातल्या एका लेखकाने फक्त खंडो बल्लाळाचाच माग काढला आहे, कोणत्या पुस्तकात तो किती पाने जगतो याचा. तो लेख वाचकांनी आधी वाचावा असे मी सुचवीन.

बखरीवर रंगभूमीने मजले चढवले. राम गणेश गडकऱ्यांचे ‘राजसंन्यास’ अपुरेच राहिले. २३ जानेवारी १९१९ला गडकरी गेले. तुळशीच्या मोहात सापडलेला आणि अखेरीस पश्चात्तापाने उजळून निघणारा त्यांचा संभाजी त्या अपुऱ्या नाटकातूनही महाराष्ट्रभर पोचला, कारण ती भाषा पाठ होणारी होती. १९२४मध्ये विष्णु हरि औंधकरांचे ‘बेबंदशाही’ आले आणि त्या शीर्षकानेच एका राजाची कारकीर्द मोजली गेली. १९४१मध्ये भालजी पेंढारकरांनी ‘थोरातांची कमळा’ पडद्यावर आणला. कमळा, तुळशी आणि दंतकथेतली अण्णाजी दत्तोंची मुलगी अशा तीन-तीन बायका या दुनियेत राहायला आल्या आणि लग्नाची येसूबाई मात्र कोपऱ्यात उभी राहिली. जुनी पुस्तके पुन्हा वाचणाऱ्याला ही गर्दी आज असह्य होते. मलाही होते. तरी ती वाचायला हवीत असेच मी म्हणेन. ३ जानेवारी २०१७ला पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा काही कार्यकर्त्यांनी उखडून नदीत टाकला, तेव्हा त्या बातमीवर बोलणाऱ्या कितीजणांनी ‘राजसंन्यास’ वाचले होते? ज्या नाटकावर राग धरायचा ते निदान उघडून पाहावे, इतकी अपेक्षा रागावणाऱ्याकडून ठेवायला हरकत नाही.

मग बेंद्रे आले. वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याची सुमारे चार दशके संभाजी महाराजांच्या कागदपत्रांमागे घालवली आणि १९६०मध्ये ‘श्री छत्रपती संभाजी महाराज’ हा ग्रंथ सिद्ध केला. वढूच्या समाधीकडे अभ्यासकांचे लक्ष वळवण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. बखरीतला व्यसनी राजा बाजूला सरला आणि मोहिमा करणारा, संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहिणारा, मोगल, सिद्दी, पोर्तुगीज अशा आघाड्यांवर एकाच वेळी लढणारा राजा पुढे आला. १९७१मध्ये कमल गोखल्यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ आले. या दोन पुस्तकांच्या आधीचे ललित साहित्य आणि नंतरचे ललित साहित्य, असा सरळ उभा चिरा या दुनियेत पडलेला दिसतो.

सरळ म्हटले खरे, पण वसंत कानेटकर त्या चिऱ्यावर पाय ठेवून उभे आहेत. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२चे. राज्याभिषेक झालेला थकलेला बाप, दोन राण्या, दोन मुलगे, आणि घरातली ती वाफ. १६७८मध्ये युवराज मोगल सरदार दिलेरखानाच्या छावणीत का गेले, हा प्रश्न कानेटकरांनी राजकारणातून उचलून घरात आणला. साठच्या दशकातल्या मध्यमवर्गीय प्रेक्षकाला त्यात आपल्या घरातले भांडण ऐकू आले असावे. प्रयोगांचे यश दुसऱ्या कशाने समजावून सांगता येत नाही. १९६८मध्ये त्यांनीच ‘इथे ओशाळला मृत्यू’ लिहिले आणि तिथे प्रभाकर पणशीकरांनी औरंगजेब उभा केला. सहा वर्षांच्या अंतराने त्याच लेखकाचा संभाजी दुखावलेल्या मुलापासून मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या राजापर्यंत येतो. ही दोन नाटके एका आठवड्यात वाचून पाहा. मधल्या सहा वर्षांत मराठी मन कुठून कुठे गेले ते दिसते.

थोडा वेळ कवी कलशापाशी थांबतो, कारण या दुनियेत सर्वांत लांबचा प्रवास त्याचा झाला आहे. वढूला महाराजांच्या समाधीजवळच त्याचीही समाधी आहे, आणि तिथे येणारे तिलाही फूल वाहतात. शंभर वर्षांपूर्वी कोणी वाहिले नसते. बखरीत तो कलुषा होता: उत्तरेतला मांत्रिक ब्राह्मण, राजाला बिघडवणारा. नाटकांनी त्याचा खलनायक केला, कारण राजाला पूर्ण दोषी धरणे प्रेक्षकाला जड जात होते आणि कोणावर तरी खापर फोडायला हवे होते. परका माणूस त्यासाठी सोयीचा. बेंद्रे-गोखल्यांनंतर तो ‘छंदोगामात्य’ या आपल्या खऱ्या पदवीसकट परतला. ‘छावा’त तो मित्र आहे. पाटलांच्या ‘संभाजी’त मित्र आणि कारभारी दोन्ही आहे. पडद्यावर तो शेवटपर्यंत कविता रचत राहणारा सोबती झाला. माणूस तोच. संगमेश्वरला १ फेब्रुवारी १६८९ला महाराजांबरोबर पकडला गेलेला, बहादूरगडावर त्यांच्याबरोबरच धिंड निघालेला, ११ मार्चला त्यांच्याबरोबरच मारला गेलेला. ज्याने मरणापर्यंत साथ दिली त्याला दोनशे वर्षे दगाबाज म्हणणे, आणि तेही त्याच घटनेचे तपशील माहीत असताना, हे बखरवाल्यांना आणि नाटकवाल्यांना खटकले कसे नाही? या संग्रहातल्या तिघांनी हा प्रश्न विचारला आहे आणि तिघांची उत्तरे वेगळी आहेत.

‘छावा’विषयी मात्र या वाचकांत विलक्षण एकमत आहे. पहिल्या वाचनात रडवणारी ही कादंबरी दुसऱ्या वाचनात थोडी लांबते, असे जवळजवळ प्रत्येकाने लिहिले आहे, आणि लगेच पुढच्या वाक्यात तिची बाजूही घेतली आहे. सावंतांची भाषा भरजरी. ‘मृत्युंजय’ लिहिलेल्या माणसाला राजा सांगतानाही कर्णाचे कवच उतरवता येत नाही. जन्मतःच आईला मुकल्यासारखे बालपण, बापाच्या सावलीत वाढणे, आपल्याच माणसांनी नाकारणे, शेवटी एकट्याने मरण पत्करणे: कर्णाची आणि शंभूराजांची गोष्ट सावंतांच्या हाती एकमेकींत मिसळते. सईबाई गेल्या तेव्हा संभाजी महाराज दोन वर्षांचे होते, हा इतिहास. त्या पोरकेपणाला कादंबरीत जो सूर लागला तो सावंतांचा. गंमत अशी, की आज तो सूरच अनेकांना इतिहास वाटतो आणि सिनेमानेही तोच उचलला.

‘छावा’च्या बरोबर मी नेहमी ना. सं. इनामदारांची ‘शहेनशहा’ वाचायला सांगतो. १९७०ची ही कादंबरी औरंगजेबाला केंद्रस्थानी ठेवते. आपल्या दुनियेतला सर्वांत मोठा शत्रू इथे म्हातारा होत जातो. १६८१पासून १७०७पर्यंत दख्खनेत अडकून पडतो आणि दिल्ली न पाहता अहमदनगरला मरतो. शत्रूच्या तंबूतून आपला राजा कसा दिसत असेल, हे धैर्याने कल्पणारे मराठीत फार थोडे. आज अशी कादंबरी कोणी लिहील का, आणि लिहिली तर छापली जाईल का, याविषयी मला शंका आहे. या संग्रहात ‘शहेनशहा’वर एकच लेख आला, तोही आखूड. ही उणीव संग्रहाची आहे.

आता वढूविषयी. या दुनियेचे बाकीचे चाहते पुस्तक मिटले की घरी जातात. वढूचे लोक त्या दुनियेतच राहतात, आणि त्यांच्यासाठी यातले काहीच नुसते रंजन नाही. पुणे-नगर रस्त्यावरच्या कोरेगाव भीमावरून आत वळले की गाव लागते. नदीपलीकडे तुळापूर, भीमा-इंद्रायणीच्या संगमावर. हत्या तिथे, अंत्यसंस्कार इथे, अशी परंपरा. ते अंत्यसंस्कार कोणी केले हे गावात वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितले जाते. एका परंपरेत गोविंद गोपाळ यांचे नाव येते आणि त्यांचीही समाधी गावात आहे. दुसऱ्या परंपरेत शिवले घराण्याच्या पूर्वजांनी देहाचे तुकडे गोळा करून शिवले असे सांगतात. डिसेंबर २०१७च्या अखेरीस गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकावरून वाद पेटला, आणि १ जानेवारी २०१८ला कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला. एका तरुणाचा जीव गेला. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगापुढे परस्परविरोधी साक्षी झाल्या. हे सगळे इथे लिहितो आहे ते एवढ्यासाठी, की ‘कोणाची गोष्ट खरी’ हा प्रश्न या गावात लोकांच्या जगण्यामरण्यापर्यंत गेला आहे. गावातल्या दोघा लेखकांनी या संग्रहासाठी या दोन परंपरांवर लिहिले. लेख शेजारी शेजारी छापले आहेत, एकाने दुसऱ्याला उत्तर दिलेले नाही. संपादकांनी त्यांना तसे करायला सांगितले नाही, हे शहाणपणाचे झाले.

दंतकथा वाढतात कशा, याचा नमुना म्हणून गुढीपाडव्यावरचा लेख वाचावा. फाल्गुन अमावास्येला हत्या झाली आणि दुसऱ्या दिवशी पाडवा होता, हे खरे. त्यावरून पाडव्याची गुढी त्या प्रसंगातूनच सुरू झाली असे आता ठासून सांगितले जाते. गुढी ज्ञानेश्वरीतही आहे, चारशे वर्षे आधीची. लेखिकेने एवढे दाखवून पुढचे भाष्य टाळले आहे. लोकांना ही गोष्ट का हवीशी वाटते, हाच तिच्या लेखाचा खरा विषय आहे.

विकी कौशलच्या सिनेमाने आणलेल्या लाटेवरही काही पाने आहेत. चित्रपटातल्या चित्रणावरून शिर्के घराण्यातल्यांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. गणोजी शिर्के यांनी महाराजांना पकडून दिले का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कादंबऱ्यांत मात्र ते केव्हाच ठरून गेले आहे. तिकडे मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याला लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेते उकरू लागले, कारण पडद्यावर मोगलांचा खजिना दिसला होता. बुऱ्हाणपूरवरच्या १६८१च्या स्वारीचे सोने २०२५मध्ये शोधणारे हे लोक या दुनियेचे सर्वांत निष्ठावंत चाहते म्हणायला हवेत! आणि ज्या नटाने मालिकेत शंभूराजे साकारले ते अमोल कोल्हे, मालिका सुरू असतानाच २०१९मध्ये शिरूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. वढू त्याच मतदारसंघात. कादंबरीत घातले तर संपादक म्हणेल, हे जरा जास्त होतेय.

पुनर्वाचनाचे काही दोषही या लेखांत आहेत. आपल्या बालपणीचे पुस्तक तेवढे चांगले आणि नंतरचे सगळे पातळ, असा सूर अधूनमधून लागतो. विश्वास पाटलांच्या २००५च्या कादंबरीला काहीजणांनी ‘छावा’च्या मापाने मोजले आहे, ते अन्यायाचे आहे. पाटलांना मोहिमा, रसद, पाऊस, वाटा, बंदरे यांत रस आहे; त्यांच्या पुस्तकात घोड्यांना वैरण लागते. भावनेचा उमाळा शोधणाऱ्याला ते कोरडे वाटणारच. उलट, ज्यांनी आधी पाटील आणि मग सावंत वाचले, अशा तरुण वाचकांचे लेख मला जास्त ताजे वाटले. कोणती दुनिया आधी भेटते यावर पुढचे सगळे ठरते.

शेवटी, या संग्रहात नसलेल्या एका गोष्टीविषयी. माझ्या पिढीच्या कपाटातली बहुतेक पुस्तके तुळापूरला संपतात. पडदा तिथेच पडतो. पण येसूबाईंची गोष्ट तिथे अर्ध्यावरही आलेली नसते. १६८९च्या नोव्हेंबरात रायगड पडला, त्या आणि लहानगे शाहू मोगलांच्या हाती लागले, आणि येसूबाई परत आल्या त्या १७१९मध्ये. जवळजवळ तीस वर्षे त्या छावण्यांत आणि कैदेत होत्या. शाहूंना १७०७मध्ये सोडले तेव्हाही आईला ओलीस ठेवून घेतले होते. संपादकांना मी विचारले, की तीसजण एवढे वाचतात, तर या तीस वर्षांवर कोणाला लिहावेसे का वाटले नाही? त्यांनी सांगितले, वढूतल्याच एका महाविद्यालयीन मुलीने ते काम हाती घेतले आहे, पण तिच्या नोंदी अजून पुऱ्या झाल्या नाहीत, आणि ती घाई करायला तयार नाही.